मांडवाखालची जाळी

१

रविवारी सकाळी नव्याकोऱ्या सायकलट्रॅकवरच्या पहिल्याच शर्यतीत लिओनार्ड मेला, आणि सोमवारी संध्याकाळी त्याला पुरेपर्यंत अर्धं मरोळ म्हणायला लागलं होतं की पोरगा दारू प्यायला होता.

१९६८ सालातला फेब्रुवारी होता. मरोळहून आरेच्या अंगाला जाणाऱ्या रस्त्याच्या कडेनं सायकलींसाठी काँक्रीटची वेगळी पट्टी घातली होती. वेगळी म्हणजे काय, तर रस्त्यावर जे खपलं नसतं ते सगळं तिथं खपवलं होतं. दोन फरशांच्या मध्ये बोटभर भेगा, वळणावर सुटी खडी, आणि कडेच्या गटारावर चौकोनी लोखंडी जाळ्या. धोंडिरामच्या तबेल्यातल्या लोकांना मात्र ट्रॅक फार आवडला, कारण पेंढा वाळत घालायला इतकी लांबलचक जागा त्यांना कुणी आजवर दिली नव्हती. रेसिंगवाली पोरं पहिल्यापासून कुरकुरत होती. त्यांची टायरं अंगठ्याएवढी बारीक, त्यांना हा रस्ता म्हणजे शिक्षाच होती. पण रस्त्यावर गेलं की पोलीस शिट्टी मारायचा, तुमच्यासाठी केलाय ना तो, तिकडं जा.

पहिल्याच वळणावर लिओनार्डचं पुढचं चाक अडकलं, तो हँडलवरून पुढं फेकला गेला आणि मान मोडली. एकवीस वर्षांचा होता.

सोमवारी सकाळी रस्तेखात्याचा चौकशीचा साहेब येऊन ट्रॅक चालून गेला. जाळ्यांचे गज रस्त्याला आडवे होते, म्हणजे सायकलचं चाक त्यांच्या फटीत जायचा प्रश्नच नव्हता. साहेबानं सायकल क्लबच्या सेक्रेटरींना विचारलं, की मग मुलगा पडला कसा? सेक्रेटरी इसिडोर अंकल डोळे पुसत म्हणाले, "काय सांगू साहेब, आदल्या रात्री आमच्याच घरी पोरीच्या लग्नाचा मांडव घातला. पेला मीच त्याच्या हातात दिला होता."

एवढं साहेबाला पुरलं. साहेब जीपमध्ये बसला आणि लिओनार्ड दारुडा ठरला.

रोझमेरी त्याची थोरली बहीण. अंधेरीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. दिवसभर लोकांचे आवाज ऐकून ऐकून तिच्या कानाला सवय लागली होती, माणूस कुठल्या शब्दाआधी अडखळतो ते तिला लगेच कळायचं. सोमवारी ती तिथंच उभी होती, आणि साहेबाशी बोलताना इसिडोर अंकल 'पेला' या शब्दाआधी अडखळले होते.

आणि तिला एक गोष्ट पक्की माहीत होती. मांडवाचा पहिला खांब उभा राहिला की सगळ्यांनी घोटभर घ्यायचं, ही रीत. लिओनार्डनं पेला ओठाला लावला आणि गुपचूप तिच्या हातात दिला. "उद्या रेस आहे गो," म्हणाला. तो पेला रोझमेरीनंच संपवला होता.

पण बहिणीचं कोण ऐकणार? त्यांची आई बेटीबाई मंगळवारपासून चर्चला जायची बंद झाली. बाया कुजबुजतात, म्हणाली. चाळीस वर्षं पहिल्या बाकावर बसलेली बाई परसात तोंड लपवून बसली, ते रोझमेरीला बघवेना. भाऊ परत येणार नव्हता, पण त्याचं नाव घाण करणारा मोकळा फिरत होता. त्याला ती सोडणार नव्हती. सगळ्या गावादेखत त्याच्या तोंडून खरं वदवून घ्यायचं, आणि ते त्याला लागेल अशा जागी वदवून घ्यायचं, असं तिनं ठरवलं.

२

बाळा हा लिओनार्डचा शर्यतीतला कट्टर दुश्मन. मरोळ नाक्याजवळ राहायचा, गिरणीत कामाला होता. शर्यतीत तो लिओनार्डच्या पाठोपाठच होता, म्हणून निम्मं गाव म्हणत होतं की दारू नसेल तर बाळानं ढकललं असेल.

रोझमेरी दारात दिसताच तो उठून उभा राहिला. "ताई, मी हात नाही लावला. आईशप्पथ."

"मग काय झालं ते सांग."

"चाक गिळलं ना जाळीनं! गज उभे होते, रस्त्याच्या सरळ रेषेत. मधे ही एवढी फट. आपलं टायर गेलं की गेलंच. मी पहिलीच जाळी बघितली आणि ट्रॅकचा मध्य धरला. सोमवारी साहेबाला दाखवायला गेलो तर सगळे गज आडवे! साहेब माझ्याकडं असा बघायला लागला की वाट लागली माझी. तिथल्या तिथं खोटारडा ठरलो यार."

"जाळी चौकोनी आहे," रोझमेरी सावकाश म्हणाली. "उचलून फिरवली तरी तशीच बसते."

"पण फिरवली कुणी?"

"ते नंतर. लिओ आंधळा होता का रे? तुला दिसलं ते त्याला कसं नाही दिसलं?"

बाळा पुन्हा खाली बसला. मग म्हणाला, "तीच गंमत आहे ताई. लिओ असल्या बाबतीत माझ्यापेक्षा भित्रा. गोटी दिसली तरी चुकवणारा. पण त्या दिवशी वळणावर बिनधास्त आतल्या अंगानं, थेट जाळीच्या रोखानं गेला. मी मागनं ओरडलो, जाळी बघ! तर मागं वळून हसला आणि म्हणाला, काम झालंय रे!"

"कसलं काम?"

"मला काय माहीत? त्याच्यानंतर तो बोललाच नाही ना काही."

रोझमेरी घरी येताना ते तीन शब्द घोळवत राहिली. काम झालंय रे. म्हणजे जाळ्या चुकीच्या बसल्यात हे लिओनार्डला आधीच कळलं होतं. त्यानं ते कुणाला तरी सांगितलं होतं, आणि त्या कुणीतरी शब्द दिला होता की सकाळपर्यंत फिरवतो. पोरगा त्या शब्दावर विसंबून गेला. दिलेला शब्द पाळला गेला, पण एक दिवस उशिरा, तो मेल्यावर.

तिला त्या माणसाचं नाव हवं होतं.

३

जाळ्या फिरवायला पहारी आणि माणसं लागतात, आणि ती ओव्हरसियर अनंतकडे होती. ट्रॅकचं काम त्याच्याच देखरेखीखाली झालं होतं. रोझमेरी गुरुवारी त्याच्या घरी गेली तेव्हा त्यानं चहा मागवला, पंखा लावला आणि तिच्या नजरेला नजर देणं मात्र टाळलं.

"हे बघा बाई, मी सोमवारी साहेबांबरोबर गेलो तेव्हा गज आडवेच होते."

"आणि शनिवारी?"

अनंतनं कपबशी खाली ठेवली. "मजुरांनी बसवल्या. मी काही वाकून बघितलं नाही. उद्घाटनाची घाई होती."

"सोमवारी बघितल्यावर तुम्हांला नवल नाही वाटलं? मजुरांनी बसवलेल्या सगळ्याच्या सगळ्या जाळ्या बरोबर बसल्या, आणि कडेचा गंज मात्र ताजा खरवडलेला? मी बघून आलेय."

"दिसलं," तो पुटपुटला. "पण आडवे होते ते माझ्या सोयीचं होतं. मुलंबाळं आहेत हो मला."

रोझमेरीला त्याच्या तोंडावर चहा फेकावासा वाटला. फेकला नाही, कारण अजून एक प्रश्न विचारायचा होता. "शनिवारी संध्याकाळी कुणी तुम्हांला निरोप दिला होता का, जाळ्या फिरवा म्हणून?"

"छे! दिला असता तर दोन माणसं लावली असती. तासाभराचं तर काम. त्यात काय एवढं?"

यात तो कुठंच अडखळला नाही. त्यात काय एवढं म्हणे. तासाभराच्या कामापायी तिचा भाऊ मातीत गेला होता. निरोप लिओनार्डकडून निघाला आणि अनंतपर्यंत पोचलाच नाही, असं तो म्हणत होता. पण अनंतनं स्वतःच लिओनार्डला शब्द देऊन आता कानांवर हात ठेवले असतील तर? आणि बाळानं शर्यतीआधी थापा मारल्या असतील तर? दुश्मनाला खड्ड्यात घालायला 'काम झालंय' ही थाप पुरेशी होती, आणि मग भीतीनं रात्री जाळ्या त्यानंच फिरवल्या असतील. तिला पुरावा हवा होता, आणि ट्रॅकवर उभ्या गजांची एकही जाळी आता उरली नव्हती.

निदान तिला तसं वाटत होतं.

४

इसिडोर अंकलच्या लेकीचं, पेट्रिशियाचं, लग्न बुधवारी उरकलं होतं. पुढं ढकलायला जागाच नव्हती, कारण आठवड्याभरात उपासकाळ सुरू होणार होता आणि त्या दिवसांत चर्च लग्न लावत नाही. बँड नाही, नाच नाही. नवरीनं लिओनार्डसाठी एक मेणबत्ती लावली आणि ती वसईला सासरी गेली. इसिडोर अंकलच्या डाव्या हाताला तेव्हाही सोमवारचंच बँडेज होतं. मयताच्या वेळी कुणी विचारलं तर ते म्हणाले होते, मांडवाचा बांबू पडला.

ट्रॅक अंकलच्या घराच्या अगदी उंबऱ्यापाशी येऊन जायचा, त्यामुळं मांडव अर्धा अंगणात आणि अर्धा ट्रॅकवर आला होता. नवरी पहिल्यांदा माहेरी परतेपर्यंत मांडवाच्या पहिल्या खांबाला हात लावायचा नाही, असा त्या घरातल्या बायांचा दंडक होता. शनिवारी पेट्रिशिया नवऱ्याबरोबर परतली आणि मांडव उतरवायला घेतला. रोझमेरीही मदतीला गेली. मयताघरची पोरगी आली म्हणून बाया हळहळल्या.

"हा खांब मीच सोडते," ती म्हणाली. "लिओनं बांधलेला आहे. काथ्या मला हवा."

"घे गो," पेट्रिशियाचे डोळे भरून आले. "काय बांधला होता त्यानं! खाली काँक्रीट, खड्डा कुठं खणणार? तर पठ्ठ्यानं खांबाचं बूड जाळीलाच आवळलं. आठवड्यात एक बांबू इकडचा तिकडं झाला नाही बघ."

रोझमेरी खाली बसली होती ती तशीच राहिली. एक बांबू इकडचा तिकडं झाला नाही. मग अंकलच्या हातावर पडला तो कुठला?

तिनं खांबाभोवतीची चटई बाजूला केली. लिओनार्डची गाठ तिला ओळखू आली, कॅरियरवर सामान बांधताना तो असाच दोनदा उलटा वळसा घ्यायचा. काथ्या ज्या गजांना बांधला होता ते गज रस्त्याच्या सरळ रेषेत होते. उभे.

सगळ्या ट्रॅकवर ही एकच जाळी जशी बसवली होती तशी राहिली होती. लेकीच्या मांडवाचा खांब परतणीआधी हलवायची ज्याची छाती झाली नाही, त्यानं ती तशीच ठेवली होती. पण हे दुसऱ्या कुणाच्याही बाबतीत म्हणता आलं असतं, कारण बांधलेली जाळी अनंतनं किंवा बाळानंही सोडूनच दिली असती. नुसती जाळी दाखवून भागणार नव्हतं. या एका जाळीचे गज अजून उभेच आहेत हे कोणाला माहीत आहे, तो खरा प्रश्न होता.

तिनं चटई परत सारली आणि दुपारीच धोंडिरामचा तबेला गाठला.

"भाऊ, उद्या सकाळी पेंढा जरा जास्त टाकाल? सगळ्या जाळ्यांवर. आणि एक रुंद फळी द्या."

"फळी कशाला?"

"कुणी पडू नये म्हणून," रोझमेरी म्हणाली.

रात्रभर अंकलच्या ओटीवर वसईचे पाहुणे ऐसपैस पसरले होते. त्यांच्यादेखत पहार घेऊन दारातली जाळी उचकटायची सोय कुणालाच राहिली नाही.

५

रविवारी चर्चमधली मिसा सुटल्यावर माणसं ट्रॅकवर जमली. बेटीबाईंना रोझमेरीनं हाताला धरून आणलं होतं आणि रस्त्याकडेच्या क्रुसाजवळ, अंकलच्या घराच्या थोडं पलीकडं, खुर्चीवर बसवलं होतं. लिओनार्डच्या सायकलला बाळानं आपलं पुढचं चाक घातलं होतं.

"लिओची रेस अर्धी राहिली," रोझमेरीनं सांगितलं. "त्याच्या सायकलवरून ती पुरी करायची. वळणापासून क्रुसापर्यंत. जे त्या दिवशी इथं होते त्यांनी एकेकानं जायचं."

नाही म्हणायची कुणाची हिंमत नव्हती. मेलेल्या पोराच्या आईसमोर कोण नाही म्हणेल?

पहिला अनंत. रोज ऑफिसला साध्या सायकलवरून जाणारा माणूस, त्या बारीक टायरवर त्याची तारांबळ उडाली. पेंढ्याचा ढीग दिसला की उतरायचा, सायकल ढकलायचा, पुन्हा चढायचा. प्रत्येक ढिगाला उतरला, अंकलच्या दारातल्याही.

मग बाळा. तो एकाही ढिगाच्या वाटेला गेला नाही. डोळे जमिनीला लावून पलीकडची कड धरून गेला, वळणावर आणि अंकलच्या दारातही सारखाच.

मग इसिडोर अंकल. पन्नाशीतही माणूस सायकलवर राजासारखा बसायचा. लिओनार्डला पहिली सायकल त्यांनीच शिकवली होती. वळणावरच्या, जिथं लिओनार्ड पडला त्या जाळीवरून ते ताठ मानेनं गेले. पेंढा उडाला. पुढची जाळी, त्याच्या पुढची, कुठंही हात ब्रेकवर गेला नाही. ज्या पोरांना ट्रॅकची भीती वाटते त्यांना जणू ते दाखवून देत होते.

आणि मग त्यांचं स्वतःचं दार आलं. तिथंही तसाच पेंढा होता. अंकलनी हँडल एकदम वळवलं, ट्रॅक सोडून डांबरी रस्त्यावर गेले, ढीग मागं पडल्यावर परत ट्रॅकवर आले आणि क्रुसाशी थांबले.

 सापडला.

"अंकल," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बाकी सगळ्या जाळ्यांवरून सरळ आलात. तुमच्या दारातल्या जाळीला का घाबरलात?"

"घाबरलो कुठं? आपलं... घर आलं ना. सवय."

"रेस क्रुसापर्यंत होती. घराशी थांबलाही नाहीत, नुसती ती जाळी चुकवली. अनंतसाहेब सगळ्यांना घाबरले. बाळा सगळ्यांना घाबरला. तुम्ही एकटे असे, की ज्याला कुठली जाळी सुरक्षित आणि कुठली नाही हे पेंढ्याखालूनही ठाऊक होतं. जाळ्या ज्यानं फिरवल्या त्यालाच ते ठाऊक असणार."

तिनं पायानं पेंढा सारला. खाली फळी होती. अंकल फळीकडं बघत राहिले. ते सरळ आले असते तर काहीच झालं नसतं.

तिनं फळी ओढून काढली. खालचे उभे गज सगळ्यांनी बघितले, आणि बाळा मोठ्यानं म्हणाला, "हे बघा! हेच सांगत होतो ना मी!"

"हातावर बांबू पडला म्हणालात," रोझमेरी थांबली नाही. "पॅट्सी, मांडवाचा बांबू हलला होता?"

नवी नवरी बापाकडं बघत होती. तिच्या मागं सासू-सासरे उभे होते. अंकल खालच्या आवाजात म्हणाले, "रोझी, पोरीच्या सासरच्यांसमोर नको गो. आत ये, मी सगळं सांगतो."

"आत नाही. इथंच. माझ्या आईला चर्चमध्ये तोंड दाखवायची चोरी झाली, तेव्हा तुम्ही आत बोलावलं होतं का कुणाला?" तिनं सायकल त्यांच्यापुढं आणली. "नाहीतर ही घ्या. फळी काढलीये. लिओच्या वेगानं या जाळीवरून जा. गेलात तर मी तुमचे पाय धरीन."

अंकलनी सायकलला हात लावला नाही.

बोलली ती पेट्रिशिया. "शनिवारी लिओ त्या जाळीवर पाय आपटून तुम्हांला दाखवत होता डॅडी. मी ओटीवरून बघितलं. तुम्ही छातीवर हात ठेवून म्हणालात, सकाळपर्यंत अनंतकडून करून घेतो, तू बिनधास्त जा. मला वाटलं, तुम्ही सांगितलं असेल. मग तुम्ही पीतच बसलात. मम्मीनं उचलून झोपवलं तुम्हांला."

आता अडखळायलाही शब्द उरला नव्हता. "विसरलो," इसिडोर म्हणाला. तोंड झाकून तो क्रुसाच्या पायरीवर बसला. "सकाळी उठलो ते थेट झेंडा दाखवायला. तो पडल्यावर आठवलं. हा ट्रॅक व्हावा म्हणून चार वर्षं अर्ज केले मी, माझ्या नावाचा दगड आहे तिकडं. रात्री पहार घेतली..."

"आणि दारू तू प्यायलास," रोझमेरी म्हणाली. आजवर त्या माणसाला तिनं कधी अरे केलं नव्हतं. "आणि नाव माझ्या भावाचं सांगितलंस. उठ. माझ्या आईसमोर उभा राहून सांग, माझा लिओ शुद्धीत होता."

तो उठला. बेटीबाईंसमोर उभा राहून त्यानं ते सांगितलं, आणि रोझमेरीनं पाटावर बसवलेल्या पोराकडून पाढे म्हणवून घ्यावेत तसं ते त्याच्याकडून पुन्हा म्हणवून घेतलं, मोठ्यानं, पार मागच्या माणसाला ऐकू जाईपर्यंत. वसईच्या सासूनं पेट्रिशियाचा हात धरला. रोझमेरीला त्याची दया आली नाही. तिला फार बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली नाही.

साहेबाला पुन्हा यावं लागलं, कागद बदलावे लागले. बेटीबाई पुढच्या रविवारी पहिल्या बाकावर जाऊन बसल्या. बाकीच्या जाळ्या आडव्या बसवून पक्क्या केल्या. इसिडोरच्या दारातली मात्र रोझमेरीनं फिरवू दिली नाही. तिच्यावर तोच बांबू पुन्हा उभा केला, लिओनार्डच्याच काथ्यानं, म्हणजे कुणी सायकलवाला चुकून तिच्यावर जाणार नाही आणि घरातल्या माणसाला रोज वळसा घालून बाहेर पडावं लागेल. अनंत ती फिरवायला आला तेव्हा रोझमेरी नुसती त्याच्याकडं बघत राहिली, आणि तो आल्या पावली परत गेला.

दोन पावसाळ्यांत काथ्या कुजला. एका संध्याकाळी ड्यूटीवरून येताना तिनं बघितलं, बांबूला कुणीतरी नवा काथ्या बांधला होता, घट्ट, नीटनेटका. इसिडोर ओटीवर बसून तिच्याकडं बघत होता. खूप थकला होता, आणि त्याच्या डोळ्यांत काहीतरी मागणं होतं.

रोझमेरीनं पर्स खाली ठेवली. त्याची गाठ सोडली. मग दोनदा उलटा वळसा घेऊन काथ्या लिओनार्डसारखा आवळला, पर्स उचलली आणि मागं न बघता घरी गेली.